जुनी शिडाची बोट घेताय? मराठवाड्यातल्या माणसाने ती कशी तपासावी

मराठवाड्यात कुणी शिडाची बोट घेतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "चालवणार कुठं?" त्याला उत्तर आहे. कुणी विचारत नाही तो प्रश्न जास्त अवघड आहे: मोडली तर दुरुस्त कोण करणार? मुंबईत बोटीच्या कामाचा माणूस शोधला तर सापडतो. संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूरला तो सापडायची आशा धरू नका. पण आपल्याकडे ट्रॉलीचा वेल्डर आहे, फायबरच्या टाक्यांचं काम करणारा आहे, ताडपत्री शिवणारा आहे. म्हणून बोट बघताना प्रत्येक दोषासमोर हेच विचारा की आपल्या भागातला कुणी हे नीट करू शकेल का. करू शकत असेल तर तो दोष भाव पाडायच्या कामाचा. नसेल तर बोट कितीही देखणी असो, सोडून द्या.

आधी पाणी ठरवा

बोट बघायला जाण्याआधी ती कुठे उतरवणार हे कागदावर ठरलं पाहिजे. नाथसागर डोळ्यांत भरतो खरा, पण जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे जलसंपदा विभागासोबत वन्यजीव विभागालाही विचारावं लागतं. येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी ही धरणंसुद्धा कुणाच्या तरी अखत्यारीत आहेत आणि त्यातल्या पाण्यावर गावं-शहरं तहान भागवतात. परवानगी तोंडी घेऊ नका, लेखी अर्ज करा. बोटीला इंजिन लावायचा विचार असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी येते. इंजिन नसलेल्या शिडाच्या बोटीचं प्रकरण त्या मानाने सोपं आहे. अभयारण्यात तर इंजिनाचं नावच काढू नका.

पाणी ठरलं की बोटीचा आकार जवळजवळ आपोआप ठरतो. आपली धरणं पावसाळ्याच्या शेवटी भरतात आणि मे महिन्यापर्यंत काठ कुठल्या कुठे मागे सरकतो. मधे उरतो गाळ आणि काळी माती. ओल्या काळ्या मातीत ट्रेलरचं चाक रुतलं की गावातून ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून दोन गोष्टी मी अटीसारख्या मानतो. तळाखाली कायमचा बसवलेला जड कणा, म्हणजे कील, असलेली बोट नको. बोट वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात उतरवतात ती मधली फळी वर ओढता आली पाहिजे. आणि नुसता हल, म्हणजे बोटीचं धड, चार माणसांना उचलता आलं पाहिजे.

या अटीत बसणाऱ्या आणि आपल्या देशात जुन्या मिळू शकणाऱ्या बोटी मोजक्याच. एकट्याने चालवायची लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात, ती सव्वाचार मीटरच्या आतबाहेर आणि हलचं वजन ५९ किलो. दोघांसाठी एंटरप्राइज, ४.०४ मीटर लांब, हल साधारण ९० ते ९५ किलो, शिडं पारंपरिक निळी. तशीच ४.२० मीटरची फोरट्वेंटी, ८० किलोची. ऑप्टिमिस्ट ही लहान मुलांची बोट. मोठ्या माणसाने त्यात बसू नये. नवशिक्याला दोघांची बोट बरी असं माझं मत, कारण शिकवणारा सोबत बसू शकतो. 'ट्रेलरवर बसते' असं सांगून सात मीटरची केबिनवाली बोट कुणी दाखवली तर फोटो बघून आनंद घ्या आणि पुढे चला. तिला उतरवायला पक्का उतार लागतो, तो आपल्या काठावर कुठे आहे ते आधी शोधा.

फोनवर काय विचारायचं

मुंबई संभाजीनगरहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशेच्या घरात. एवढं अंतर फुकट तोडू नये म्हणून निम्मी तपासणी फोनवर उरका. बोट शेवटची पाण्यात कधी उतरली? तेव्हापासून सावलीत होती की उघड्यावर? उलटी ठेवली होती की सुलटी? खारं पाणी की गोडं? हुसेनसागर किंवा खडकवासल्यात वाढलेली बोट खाऱ्या पाण्यातल्या बोटीपेक्षा धातूच्या बाबतीत बरी निघते. पण गोड्या पाण्यातली बोट उघड्यावर सुलटी पडून दोन पावसाळे पाणी साठवत बसली असेल तर तो फायदा केव्हाच संपला.

फोटो मागा, पण विकणारा स्वतःहून पाठवतो ते नव्हेत. डोलकाठी बसते ती जागा, मागच्या फळीवरची रडरची, म्हणजे सुकाणूची, बिजागरं, उलटली तरी बोट तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या टाक्यांचा आतला भाग आणि ट्रेलरचा खालचा सांगाडा, हे चार मागा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

सोबत न्यायच्या वस्तू सगळ्या घरात किंवा गावात सापडतात: टॉर्च, जाड नाणं, टेप, साबणाचं पाणी, कापूस, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, पिठाच्या गिरणीत किंवा आडतीवर असतो तसला हुकाचा डिजिटल काटा. आणि बोट चालवणारा एक ओळखीचा माणूस, मिळाला तर.

हल: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जा. तिरप्या उन्हात फायबरचे उंचवटे आणि जुने डागडुजीचे चट्टे आपोआप दिसतात, भर दुपारी सगळंच सपाट वाटतं. बोट मागून बघा, एक डोळा मिटून तळाच्या मधल्या रेषेवरून पुढपर्यंत. ती रेष सलग वळणाची असावी. मधेच खळगा किंवा पोक दिसलं तर बोट वर्षानुवर्षं चुकीच्या टेकूंवर ठेवलेली आहे. हा आकार परत येत नाही. हौसेने फिरायला तो थोडा चालेल, पण भाव त्याप्रमाणे हवा.

मग नाणं घ्या आणि माठ घेताना वाजवतो तसा सगळा हल आणि डेक, म्हणजे बोटीचा वरचा पृष्ठभाग, वाजवत जा, दर चार बोटांवर एकदा. निरोगी फायबर टणक वाजतं. आवाज बद्द झाला तिथे खडूने खूण करा आणि भोवताली वाजवत त्या डागाची हद्द काढा. अनेक बोटींच्या डेकमध्ये दोन फायबरच्या थरांत फोम किंवा हलकं लाकूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरलं की ते कुजतं किंवा थर सुटतात. डोलकाठीच्या पायाशी, काठीच्या तारा बांधतात त्या जागी आणि माणूस बसतो त्या कडेवर अंगठ्याने जोर देऊन बघा. दबून परत वर येत असेल तर आत गडबड आहे. तळहाताएवढा बद्द भाग आपल्याकडचा फायबरवाला उघडून भरू शकतो. डोलकाठीचा पायाच पोकळ वाजला तर मात्र तिथूनच परत फिरा. तिथे काठी आणि शिडाचा मोठा भार येतो आणि ते काम बोट न पाहिलेल्या माणसाकडून करून घेण्यासारखं नाही.

भेगांत फरक करायला शिका. वरच्या चकचकीत थराला केसासारख्या रेषा पडतात, त्या उन्हाने आणि वयाने. त्यांना घाबरू नका. एका बिंदूतून ताऱ्यासारख्या फुटलेल्या रेषा म्हणजे तिथे काहीतरी आपटलंय किंवा आतून ताण येतोय. टॉर्च आत घालून त्याच जागेची मागची बाजू बघा. आतही भेग असेल तर ती वरवरची नाही. नव्या रंगाने चमकणाऱ्या जुन्या बोटीकडे जास्त संशयाने बघा. रंगाखाली एम-सीलचा गोळा दडलेला असतो. तो हाताला उंचवट्यासारखा लागतो आणि नाण्याखाली वेगळा वाजतो.

मधल्या फळीची खाच, म्हणजे सेंटरबोर्डची पेटी, तिच्या मागच्या कोपऱ्यात टॉर्च मारा. बोट गाळात किंवा खडकावर टेकली की धक्का तिथेच बसतो. फळी पूर्ण बाहेर काढून घ्या, जमिनीवर ठेवून पिळलेली आहे का बघा. लाकडी फळीची धार फुगली असेल तर आपला सुतार तासून, फायबरचा थर देऊन ती परत आणू शकतो. पेटीच्या मुळाशी भेग असेल तर ती दुरुस्ती अवघड जागेतली आहे, भाव खूप उतरायला हवा.

आता वजन. नवशिके हीच पायरी वगळतात, आणि माझ्या लेखी ती सगळ्यांत बोलकी आहे. हलमधून सुटी सामग्री बाहेर काढा, पुढचं टोक काट्याला टांगून मागचं टेकवा, आकडा लिहा. मग उलट करा. दोन्हींची बेरीज साधारण वजन सांगते, फक्त टेकू अगदी टोकाशी हवा. ५९ किलोची लेझर सत्तरच्या घरात भरली तर तिने पाणी पिलेलं आहे. हलच्या पोटात तरंगतं राहावं म्हणून फोम घातलेला असेल आणि तो भिजला असेल, तर आपल्या एप्रिलच्या उन्हातही लवकर वाळत नाही, कारण हवा खेळायला जागाच नसते.

हवाबंद टाक्यांची परीक्षा सोपी. झाकणं, बुचं बंद करा, एका भोकाला रबरी नळी लावून तोंडाने फुंका आणि दुसऱ्याला सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायला सांगा. बुडबुडे येतील तिथे गळती. तोंडानेच फुंका. टायरवाल्याचा कंप्रेसर लावला तर सांधे उघडतील आणि ती बोट मग तुम्हालाच घ्यावी लागेल. झाकणाच्या रबरातून येणारे बुडबुडे किरकोळ. डेक आणि हल जुळतात त्या कडेवरून हातभर लांब फेस आला तर काम मोठं. लेझरमध्ये आणखी एक: डोलकाठीची खोबण पाण्याने भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि चहा पिऊन या. पाणी उतरलं तर ते हलच्या पोटात चाललंय.

काठी, तारा, शीड

डोलकाठी आडवी ठेवून एका टोकाकडून बघा, मग पाव वळसा देऊन पुन्हा. एकसारखा हलका बाक चालतो, एका जागी कोपरा पडलेला चालत नाही. ॲल्युमिनियममध्ये जिथे जिथे स्टीलचे रिव्हेट ठोकलेत तिथे पांढरी भुकटी, फुगवटा किंवा भोकाभोवती भेग शोधा. मुंबईच्या बोटींत हे हमखास बघायचं ठिकाण, कारण खारं पाणी आणि दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वाकलेली काठी सरळ करून देतो असं कुणी म्हणालं तर करू देऊ नका.

काठी उभी धरणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा ओढा. कापूस अडकला तिथे तारेचा एक पीळ तुटलाय. टोकाच्या दाबलेल्या नळ्यांवर गंज किंवा बारीक भेग दिसली, किंवा तारा किती जुन्या हे विकणाऱ्याला सांगताच येत नसेल, तर सगळ्या तारा नव्या घ्यायच्या हे धरूनच हिशोब करा. या तारा स्टेनलेसच्या, एकोणीस पिळांच्या, कमी ताणणाऱ्या असतात. त्याजागी बोअरची मोटर सोडायची गॅल्व्हनाइज्ड तार लावलेली आढळली तर या मालकाने बाकी जुगाड काय काय केलेत याचा शोध सुरू करा. बोल्ट-पट्ट्यांना चुंबक लावून बघा. जोरात चिकटला तर ते चांगलं स्टेनलेस नव्हे.

शिडाचं कापड हातात कुरकुरीत लागावं. जुन्या धोतरासारखं मऊ पडलेलं शीड फिरायला चालेल, पण वाऱ्यावर ते फुगून आकार सोडतं आणि बोट वाऱ्याकडे चढत नाही, म्हणजे वारा येतो त्या दिशेला पुढे सरकत नाही. ऊन आधी दोरा खातं, मग कापड. शिवणीवरून नख जोरात ओढा. दोरा तुटून आला तर सगळ्या शिवणी पुन्हा घालाव्या लागतील. हे आपल्याकडे होतं. ताडपत्री शिवणाऱ्याकडे जाड मशीन असते, त्याला पॉलिस्टरचा दोरा द्या आणि जुन्या भोकांशेजारून नागमोडी टीप मारायला सांगा. शिडाचा बिघडलेला पोटाचा आकार मात्र त्याला दुरुस्त करता येणार नाही. नव्या शिडाचा भाव घरून निघण्याआधीच एखाद्या शीड बनवणाऱ्याला विचारून ठेवा. अशा जुन्या छोट्या बोटीच्या किमतीत तो मोठा वाटा असतो आणि घासाघीस करताना हाच आकडा कामाला येतो.

दोऱ्या, कप्प्या, दोरी अडकवून धरणारे क्लीट यांच्यावर वेळ घालवू नका. फिरतात का, धरतात का एवढं बघा. रडर बिजागरांत खडखडतो का आणि बोट उलटली तर तो निसटू नये म्हणून असते ती क्लिप जागेवर आहे का, हे मात्र बघा.

ट्रेलर

विकणारा 'ट्रॉलीसकट' म्हणतो तेव्हा नक्की कोणती ट्रॉली ते विचारा. बोट शेडमधून पाण्यापर्यंत ढकलायची हातट्रॉली वेगळी आणि गाडीमागे जोडायचा रस्त्यावरचा ट्रेलर वेगळा. छोट्या बोटींसोबत बहुतेकदा पहिलीच येते. ती असणं चांगलंच, पण तिच्या चाकांवर महामार्ग धरायचा नाही.

रस्त्याचा ट्रेलर असेल तर आपल्या भागातल्या माणसाला सांगायची गरज कमी, कारण ट्रॅक्टरची ट्रॉली ज्याने वापरली त्याला निम्मं कळतं. फरक असा की हा पाण्यात बुडतो. चाक जॅकवर उचलून फिरवा, घरघर ऐका, वर-खाली धरून हलवा. हबची टोपी काढून ग्रीस बघा. दुधाळ पांढरं असेल तर आत पाणी गेलंय आणि बेअरिंग बदलायच्या. चौकटीच्या पोकळ नळ्या बाहेरून रंगवलेल्या आणि आतून सडलेल्या असतात, म्हणून खालून हातोडीने ठोका. एक्सलचे यू-बोल्ट, पाट्यांचे टोक, वेल्डिंगचे सांधे पहा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांवरचं टायर उभ्या उभ्या तडकलेलं असतं. जोडणीचा गोळा-कप तुमच्या गाडीच्या हुकाच्या मापाचा आहे का आणि सुरक्षा साखळी आहे का, तेही बघा. गाडीला हुक नसेल तर तो बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारा.

यातलं काहीही बिघडलेलं असो, जालना रोडपासून उदगीरपर्यंत कुठलाही ट्रॉलीवाला ते सुधारेल. त्यामुळे चांगली बोट आणि गंजका ट्रेलर ही जोडी मला चांगला ट्रेलर आणि थकलेल्या बोटीपेक्षा केव्हाही पसंत. एक गोष्ट मात्र वेल्डर देणार नाही, ती म्हणजे कागद. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी हवी. बोट ट्रेलरवर असतानाच टेकू कुठे आलेत तेही बघून घ्या. ते हलच्या मऊ भागात घुसले असतील तर मघाचा बद्द आवाज नेमका तिथेच आला असेल.

पाण्यात उतरवल्याशिवाय पैसे नाहीत

अंगावर घट्ट बसणारं लाइफ जॅकेट, जवळ एक सोबतीची बोट आणि झाडाच्या फांद्या सतत हलतील एवढा वारा. विकणाऱ्यालाच आधी चालवू द्या. कोणती दोरी तो सवयीने दोनदा ओढतो, कुठे हळूच लाथ मारतो, ते बघत राहा. मग तुम्ही बसा. रडर हातात जड होतोय का, फळी पूर्ण खाली जाते का, वर राहते का. नंतर उथळ नसलेल्या पाण्यात बोट मुद्दाम उलटवून सरळ करा. आडवी पडून स्वस्थ तरंगली आणि सरळ केल्यावर चालवता आली तर टाक्या ठीक. एक टोक पाण्यात खाली जात राहिलं तर तिकडची टाकी भरतेय. अर्ध्या तासाने काठावर आणून सगळी बुचं उघडा आणि निघालेलं पाणी मोजा. पेलाभर असेल तर विसरा, बादली भरली तर गळती कुठली ते कळल्याशिवाय पुढे बोलू नका.

पाणीच नाही, उतरवता येणार नाही असं म्हणाले तर भाव पाण्यात न उतरवलेल्या बोटीचा द्या.

कागद आणि वाहतूक

साध्या कागदावर का होईना, विक्रीपत्र हवं: हलवरचा नंबर, शिडाचा नंबर, दोन्ही बाजूंची ओळखपत्रं, सोबत दिलेल्या वस्तूंची यादी. हलचा आणि शिडाचा नंबर जुळत नसेल तर शीड दुसऱ्या बोटीचं आहे, तसं असणं गुन्हा नाही, पण विचारून घ्या. बोट क्लबची असेल तर विकायचा अधिकार कुणाला आहे याचं पत्र मागा. ट्रेलरसाठी फॉर्म २९ आणि ३०. तेलंगणातून आणत असाल तर तिकडच्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, पैसे देण्याआधी.

पहिल्यांदा आणताना मी ट्रेलर ओढत आणायच्या विरोधात आहे. अनोळखी बेअरिंग आणि रात्रीचा घाट हा योग टाळावा. १४ फुटी आयशरच्या हौद्यात चार मीटरची बोट बसते आणि माल बाहेर लोंबकळत नेण्याचा गुन्हाही होत नाही. लेझरची काठी दोन तुकड्यांत सुटते, तिचा प्रश्न नाही. दोघांच्या बोटीची काठी एकसंध असेल तर तिची लांबी आधी मोजून त्या मापाची गाडी सांगा. हौद्यात जुन्या गाद्या किंवा टायर पसरा, बोट त्यावर ठेवून रुंद पट्ट्यांनी बांधा. सुती दोर कडा कापतो, आणि फार आवळलं तर हल दबतो. फळी आणि रडर गोधडीत गुंडाळून वेगळे ठेवा. पिना, शॅकल म्हणजे जोडायच्या कड्या, बुचं यादीप्रमाणे मोजून एका डब्यात भरा आणि डबा हौद्यात न टाकता ड्रायव्हरच्या केबिनमध्ये द्या.